कासवीची दृष्टी आणि कासवाचा चारा

१/ पंढरपुरात भीमेच्या वाळवंटी कीर्तनाला उभे राहिलेले बुवा आईच्या मायेचे दृष्टान्त देऊ लागले, की गाय-वासरापाठोपाठ कासवी येते. कासवी पिलांना पाजत नाही, भरवत नाही. ती नुसती त्यांच्याकडे पाहते आणि त्या नजरेनेच पिले वाढतात, अशी ही कल्पना. वारकरी संतांच्या अभंगांतून ती घरोघरी पोचली. खरे कासव खाते काय, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फार उशिरा विचारला गेला. त्या प्रश्नाचा आणि त्याच्या उत्तराचा इतिहास या धाग्यात.

२/ कल्पना वारकऱ्यांहून जुनी आहे. कुलार्णव तंत्रात गुरूच्या दीक्षेचे तीन प्रकार सांगताना तीन माता येतात. पक्षीण पंखांच्या स्पर्शाने पिलांना वाढवते, मासोळी दृष्टीने, आणि कासवी केवळ ध्यानाने. मराठी संतपरंपरेत यातली मासोळीची दृष्टी कासवीकडे आली आणि ‘कूर्मदृष्टी’ हा कृपेचा पर्यायी शब्दच होऊन बसला.

३/ या कल्पनेच्या मुळाशी एक अचूक निरीक्षण असावे. कासवाची मादी जमिनीत खड्डा करून अंडी घालते, माती लोटून खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिले बाहेर येतात तेव्हा आई जवळ नसते. कोणी भरवले नाही, तरी ती जगली, हे लोकांनी पाहिले. पिलू पहिल्याच दिवसापासून स्वतःचे अन्न स्वतः शोधते, ही गोष्ट मात्र नजरेतून सुटली. त्या रिकाम्या जागी आईची नजर येऊन बसली.

४/ कासवाची दुसरी प्रतिमा गीतेतून आली. दुसऱ्या अध्यायातील ५८व्या श्लोकात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा आहे: ते अवयव आत ओढून घेते, तसा तो इंद्रिये विषयांतून आवरतो. ज्ञानेश्वरीने हा दृष्टान्त मराठीत आणला. महाराष्ट्रातल्या असंख्य देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते आणि भाविक त्याला हात लावून पुढे जातात. संयमी, निरिच्छ, काहीही न मागणारे असे कासव मराठी मनात ठसले ते या वाटेने.

५/ काव्यात आणि अध्यात्मात ही प्रतिमा सुंदर आहे. घरात किंवा पिंजऱ्यात ठेवलेल्या जिवंत कासवाला मात्र ती महागात पडते. कासव ओरडत नाही, पाठीमागे फिरत नाही, उपाशी राहिले तरी आठवडे काढते. चुकीच्या अन्नावर ते वर्षानुवर्षे जगते आणि त्या अन्नाचा परिणाम पाठीवर उमटतो, तेव्हा तो परतवता येत नाही. ‘त्याला काही लागत नाही’ हा समज कासवाच्या बाबतीत सर्वांत घातक ठरला आहे.

६/ गोंधळाचे आणखी एक कारण भाषेत आहे. संस्कृतात कूर्म, कच्छप, कमठ असे अनेक शब्द. पण मराठीत नदीतले, तळ्यातले, समुद्रातले आणि माळावरचे, सगळेच ‘कासव’. इंग्रजीत जमिनीवरच्या कासवाला वेगळे नाव आहे. आहाराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. तळ्यातली बरीच कासवे मासे, बेडूक, गोगलगायी, किडे आणि मेलेली जनावरे खातात. जमिनीवरचे कासव जवळजवळ संपूर्ण शाकाहारी असते. एकाच नावामुळे एकाचे अन्न दुसऱ्याच्या पुढ्यात येते.

७/ भीमेच्या खोऱ्यात ओळखीची आहेत ती पाण्यातली कासवे. मऊ पाठीच्या एका जातीचे शास्त्रीय वर्णन १८७२ साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी पुण्याच्या नमुन्यावरून केले आणि मुंबईतले डॉक्टर अँड्र्यू लीथ यांचे नाव तिला दिले. आज ही ‘लीथची कासवे’ नष्ट होण्याच्या उंबरठ्यावरील जातींत गणली जातात. त्यांना पालेभाजी घालून चालत नाही, आणि माळावरच्या कासवाला मासळी घालून चालत नाही.

८/ याच प्रदेशात बाराव्या शतकात प्राण्यांच्या खाण्याकडे बारकाईने पाहणारा एक राजा होऊन गेला. कल्याणीचा चालुक्य तिसरा सोमेश्वर. त्याची राजधानी म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरपासून साधारण शंभर किलोमीटरवर. ११२९च्या सुमारास त्याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मासेमारीवर स्वतंत्र प्रकरण आहे, कोणता मासा कोणत्या आमिषाला येतो याचा त्यात विचार आहे. कासव मात्र त्या ग्रंथात भेटते ते राजाच्या ताटात, अन्नभोगाच्या प्रकरणात. ज्याला खायचे, त्याला काय खाऊ घालावे हा प्रश्न तेव्हा पडण्याचे कारण नव्हते.

९/ आपल्याकडे लोक हौसेने घरात ठेवतात ते जमिनीवरचे कासव म्हणजे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले ‘स्टार कासव’. त्याचे शास्त्रीय वर्णन १७९५ साली योहान डेव्हिड शॉप्फ यांनी केले. भारताच्या वायव्येला गुजरात-राजस्थान, दक्षिणेला आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू आणि पुढे श्रीलंका ही त्याची घरे. कोरडे माळ, काटेरी झुडपे आणि गवत हा त्याचा अधिवास. ते पाळणे कायद्याने गुन्हा आहे; त्याविषयी पुढे येईलच.

१०/ या कासवांना बंदिस्त ठेवून त्यांची दिनचर्या टिपणाऱ्यांत कॅप्टन थॉमस हटन हे अगदी सुरुवातीचे. त्यांची निरीक्षणे १८३७ साली एशियाटिक सोसायटी ऑफ बंगालच्या नियतकालिकात छापली गेली. कडक उन्हाळ्यात कासवे झुडपांच्या आणि गवताच्या आडोशाला दडून राहत; पावसाला सुरुवात होताच बाहेर पडून दिवसभर हिंडत आणि चरत. म्हणजे कासवाची भूक पावसाच्या तालावर चालते. सोलापूरच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

११/ हटन यांच्या आधी अर्धशतक इंग्लंडात गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने एकाच कासवाकडे अनेक वर्षे पाहिले. ‘टिमथी’ हे कासव त्याच्या आत्याकडे रिंगमर गावी होते. १७८०मध्ये ती वारली, तेव्हा व्हाइटने ते आपल्या सेलबर्नच्या बागेत आणले. ते काय खाते, केव्हा खायचे थांबवते, त्याचे वजन किती भरते, हे सगळे त्याने लिहून ठेवले. भर उन्हाळ्यात ते अधाशासारखे खाई. हिवाळा जवळ आला की खाणे कमी करत करत बंद करी.

१२/ टिमथीला कोणते अन्न सर्वांत आवडे? चीक असलेल्या पानांचे: लेट्यूस, डँडेलियन आणि त्यांच्या कुळातले रानगवत. व्हाइटने आणखी एक गोष्ट टिपली. तीस वर्षांहून अधिक काळ खाऊ घालणारी म्हातारी दिसली, की ते कासव अडखळत तिच्याकडे निघे. अनोळखी माणसांकडे ढुंकूनही पाहत नसे. आपल्या दृष्टान्तात आई नजरेने पोसते. इथे कासव पोसणारीला नजरेने ओळखत होते. पुढे कळले, की टिमथी ही मादी होती. तिचे कवच लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे.

१३/ डँडेलियनच्या कुळातलेच एक झुडूप सोलापूरच्या बांधाबांधावर उगवते: पाथरी. पान तोडले की पांढरा चीक येतो. रानात काम करणारी माणसे ती कच्चीच भाकरीबरोबर खातात. अडीच शतकांपूर्वी इंग्लंडच्या बागेत जे निरीक्षण झाले, त्याला जुळणारे अन्न इथे ज्वारीच्या रानात तण म्हणून उपटून टाकले जाते.

१४/ भारतातले सर्वांत प्रसिद्ध बंदिस्त कासव म्हणजे कोलकात्याचे ‘अद्वैत’. अल्डाब्रा जातीचे हे महाकाय कासव रॉबर्ट क्लाइव्हचे होते, अशी आख्यायिका आहे. १८७५ साली ते बराकपूरहून अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात आले आणि मार्च २००६मध्ये मेले, तेव्हा त्याचे वजन सुमारे २५० किलो होते. गव्हाचा कोंडा, गाजर, लेट्यूस, भिजवलेले हरभरे, पाव, गवत आणि मीठ हा त्याचा खुराक.

१५/ ‘अद्वैत पाव-हरभऱ्यावर इतकी वर्षे जगला, मग आमच्या कासवाला काय होते?’ असा प्रतिवाद केला जातो. त्यात दोन चुका आहेत. पहिली म्हणजे अडीचशे किलोच्या, गवतावर मोकळ्या हिंडणाऱ्या जनावराचा दाखला तळहातावर मावणाऱ्या पिलाला लागू पडत नाही. दुसरी म्हणजे कासव जगणे आणि निकोप असणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कासव सोसते फार. त्याचे सोसणे हे अन्न योग्य असल्याचे प्रमाण मानता येत नाही.

१६/ १८३५ साली गॅलापागोस बेटांवर गेलेल्या चार्ल्स डार्विनने तिथल्या महाकाय कासवांचा चारा पाहिला. कोरड्या, पाणी नसलेल्या बेटांवर ती प्रामुख्याने रसाळ निवडुंग खात. उंचावरच्या दमट भागात त्यांना झाडांची पाने, आंबट फळे आणि झाडांवर लोंबणारे दगडफुलासारखे शेवाळ मिळे. जागा बदलली की चाराही बदले. वैविध्य म्हणजे काय, ते इथे दिसते: जे जे उगवते, त्यातले थोडे थोडे.

१७/ निवडुंगाचा तोच गट आज सोलापूरच्या माळावर ‘फड्या निवडुंग’ म्हणून ओळखीचा आहे. तो मूळचा इथला नाही. लाल रंग देणाऱ्या कोचिनील किड्यांच्या पैदाशीसाठी ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस अशा निवडुंगांना उत्तेजन दिले. रंगाचा धंदा फसला, निवडुंग मात्र शेते गिळत सुटला. १९२६ साली श्रीलंकेतून त्याच जातकुळीचा दुसरा किडा आणून त्याला आवर घालावा लागला. काटे काढलेली फड्याची पाने आज प्राणिसंग्रहालये जमिनीवरच्या कासवांना आवर्जून देतात, कारण त्यांत पाणी, तंतू आणि कॅल्शियम भरपूर असते.

१८/ आता शरीराच्या आत. जमिनीवरच्या कासवाचे पचन गाय-बैलापेक्षा घोड्याच्या जवळचे आहे. गवतातला तंतू मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव आंबवतात आणि त्यातून कासवाला शक्ती मिळते. हे काम संथ असते, त्याला दिवस लागतात. अशा पोटात केळे, आंबा, द्राक्षे अशी गोड फळे रोज गेली, तर सूक्ष्मजीवांचा तोल बिघडतो आणि हगवण लागते. दूध तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी नाहीच. दुधातली साखर पचवण्याची सोय त्यांच्या शरीरात नसते.

१९/ कवच म्हणजे हाडच. ते घडायला कॅल्शियम लागते, आणि अन्नात ते फॉस्फरसच्या किमान दुप्पट असावे, हा पशुवैद्यकाचा साधा हिशेब. डाळी, धान्ये, भाकरी, पोळी यांत गणित उलटे असते: फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. पालक, चुका, राजगिरा, चाकवत यांत कॅल्शियम दिसते, पण त्यांतले ऑक्झॅलिक आम्ल ते बांधून ठेवते. काकडी आणि टोमॅटो म्हणजे बहुतांशी पाणी. शिवाय शरीराला कॅल्शियम वापरायचे तर ‘ड’ जीवनसत्त्व हवे आणि त्यासाठी थेट ऊन. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात त्याला लागणारे किरण जवळजवळ उरत नाहीत.

२०/ चुकीच्या संगोपनाची ठळक खूण म्हणजे पाठीवरच्या चकत्या टेकड्यांसारख्या वर येणे. पुष्कळ वर्षे याचा दोष केवळ जास्त प्रथिनांना दिला जाई. २००३मध्ये व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातील संशोधकांनी आफ्रिकन सुल्काटा कासवाच्या पिलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रथिनांचा परिणाम थोडा निघाला. खरा फरक हवेतल्या ओलाव्याने पडला. कोरड्या हवेतल्या पिलांच्या पाठी जास्त टेकाळल्या. म्हणजे आहार कितीही चांगला असला, तरी पिलाला दडायला दमट आडोसा हवा.

२१/ हे सगळे एकत्र केले, की सोलापूरचा माळ हीच पाकशाळा ठरते. मुख्य आहार गवताचा: हरळी आणि माळावरची कोवळी देशी गवते. जोडीला तुतीचा पाला, शेवग्याचा पाला, जास्वंदाची पाने-फुले, पाथरी, फड्या निवडुंग. लसूणघास थोडा, कारण त्यात प्रथिने जास्त. फळ क्वचित, चवीपुरते. पाला धुतलेला आणि फवारणी नसलेल्या जागेचा असावा. रस्त्याकडेचा किंवा औषध मारलेल्या शेतातला नको.

२२/ माळावरचे सगळेच मात्र खाण्याजोगे नाही. रुई, धोतरा, कण्हेर, घाणेरी विषारी. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले आणि आज मोकळ्या जागांत माजलेले गाजरगवतही टाळायचे. आणि ज्वारी! मोहोळच्या संशोधन केंद्राने नावारूपाला आणलेली मालदांडी हे या जिल्ह्याचे भूषण. पण ज्वारीच्या कोवळ्या, विशेषतः पाण्याच्या ताणातल्या पोंग्यात सायनाइड तयार होते. ती खाऊन गुरे दगावतात, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गुरांना जे वर्ज्य, ते कासवालाही वर्ज्य.

२३/ पाण्याचे उथळ ताटले रोज बदललेले हवे. कासव त्यात बसते, पिते आणि पुष्कळदा तिथेच घाणही करते. पिलांना रोज, मोठ्यांना बहुधा रोज किंवा एक दिवसाआड चारा. आणि व्हाइटसारखी वही: तारीख, खाल्ले काय, वजन किती. जे जनावर दुखले-खुपले सांगत नाही, त्याचे दुखणे पुष्कळदा आधी वजनाच्या आकड्यात दिसते.

२४/ हा चारा घालायचा कोणी? कासवाला कायद्याचे कवच देण्याची कल्पना भारतात फार जुनी. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात मारू नयेत अशा प्राण्यांची यादी आहे आणि तीत कासवही आहे. आधुनिक काळात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. स्टार कासव त्यात आधी चौथ्या अनुसूचीत होते. २०२२च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२३पासून, ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला गेले. आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वोच्च यादीत ते २०१९मध्येच गेले होते.

२५/ एवढी कडक पावले का उचलावी लागली? २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भारतातल्या एकाच व्यापारकेंद्रातून एका वर्षात किमान ५५,००० स्टार कासवे पकडली गेल्याचे आढळले. कोणाला ती शोभेसाठी हवी असतात, कोणाला ‘लक्ष्मी येते’ म्हणून. प्रवासात पिशव्यांत कोंबलेली, दिवसचे दिवस उपाशी राहिलेली ही कासवे पकडली जातात, तेव्हा त्यांना पुन्हा चरते करणे हेच पुनर्वसन केंद्रांचे पहिले आणि सर्वांत कष्टाचे काम असते.

२६/ म्हणून देशी कासव घरात आढळले, तर त्याला चांगला आहार देत राहणे हा उपाय नव्हे. वन विभागाला कळवावे; महाराष्ट्रात ‘हॅलो फॉरेस्ट’चा क्रमांक १९२६ आहे. जवळच्या तळ्यात किंवा माळावर ते सोडूनही देऊ नये. जमिनीवरचे कासव तळ्यात सोडले तर बुडते, आणि परक्या मुलखात रोग घेऊन जाते. सुल्काटासारख्या परदेशी जाती ज्यांच्याकडे आहेत, त्यांना २०२४च्या नियमांनुसार नोंदणी बंधनकारक आहे. आहाराचे वरचे सगळे तपशील त्यांच्यासाठी आणि प्राणिसंग्रहालये व केंद्रांत ओंजळीने पाला घालणाऱ्या हातांसाठी.

२७/ संतांनी कासवीची नजर कृपेचे रूप म्हणून वापरली; प्राणिशास्त्र सांगणे हा त्यांचा हेतू नव्हता. त्या प्रतिमेवर आक्षेप घेण्याचे कारणही नाही. पण पिंजऱ्यातल्या कासवाला नजर हवी ती वेगळी: काय खाल्ले, काय टाकले, पाठ सपाट आहे की टेकाळते आहे, हे रोज पाहणारी. आणि त्या नजरेच्या जोडीला एक पाटी हरळी, पाथरीची चार पाने आणि काटे काढलेले एक फडे. नजरेने पोट भरत नाही. पोट भरले की नाही, हे मात्र नजरेनेच कळते.